युद्धाचे बिल मतदानाआधी दाखवा : सर्व पक्षांच्या जाहीरनामा समित्यांना एका पंपवाल्याचे खुले पत्र

प्रति,
सर्व राजकीय पक्षांच्या जाहीरनामा समित्यांचे सदस्य

स. न. वि. वि.

मी सिंधुदुर्गात, गोव्याच्या हद्दीपासून अर्ध्या तासावर, मुंबई-गोवा महामार्गालगत पेट्रोल पंप चालवतो. वडिलांनी सुरू केलेला पंप, आता मी बघतो. आम्ही दर ठरवत नाही. सकाळी सहा वाजता दर वरून येतो, मशीनवर आपोआप बदलतो, आणि त्यानंतर दिवसभर त्या दराबद्दलचे बोलणे मात्र आम्ही ऐकतो. तीस वर्षे ते ऐकून जे मनात साठले आहे, ते तुम्हाला लिहितो आहे. २०२७च्या सुरुवातीला गोवा, उत्तर प्रदेश, पंजाब अशा राज्यांत विधानसभेच्या निवडणुका येतील. जाहीरनाम्यांची जुळवाजुळव आधीच सुरू होते, म्हणून पत्रही आधीच.

७ मार्च २०२२ची संध्याकाळ मला स्पष्ट आठवते. त्या दिवशी उत्तर प्रदेशात शेवटच्या टप्प्याचे मतदान झाले. वाराणसीचे मतदानही त्यातच होते. रशियाने युक्रेनवर हल्ला करून बारावा दिवस होता आणि त्याच दिवशी ब्रेंट, म्हणजे जगात भावाचे माप मानले जाणारे कच्चे तेल, पिंपाला १३९ डॉलरपर्यंत चढले. आमच्याकडे ना मतदान होते, ना युद्ध. तरीही अंधार पडायच्या आत माझ्या पंपावर रांग लागली आणि ती रस्त्याच्या साइडपट्टीपर्यंत गेली. रिक्षा, टेम्पो, चिऱ्यांचे डंपर, कॅन घेऊन आलेले रापणकर मच्छीमार. एक वयस्कर मच्छीमार नोझलकडे बघत मला म्हणाला, "भाऊ, थयसर मतदान संपला मा? मगे आता रेट वाढतलो." वाराणसी माझ्या पंपापासून दीड हजार किलोमीटरहून लांब आहे. त्या माणसाला तिथला उमेदवार कोण हे ठाऊक नव्हते. पण तिथले मतदान संपले की इथले डिझेल महागते, हे त्याला पक्के ठाऊक होते.

त्याचे गणित चुकले नाही. थोडे थांबून बरोबर आले, एवढेच.

४ नोव्हेंबर २०२१ पासून दर हलला नव्हता. तेव्हा तेल पिंपाला ऐंशी-ब्याऐंशी डॉलर होते. मग पाच राज्यांच्या निवडणुका जाहीर झाल्या, १४ फेब्रुवारीला गोव्याने मतदान केले, २४ला युद्ध सुरू झाले, तेलाने शंभरी ओलांडली, १३९ गाठले. मशीनवरचा आकडा तसाच. मुंबईत डिझेल ९४ रुपये १४ पैसे, आज, उद्या, परवा. १० मार्चला निकाल लागले. २२ मार्चला सकाळी सहा वाजता, १३७ दिवसांनी, दर पहिल्यांदा हलला. पुढच्या सोळा दिवसांत चौदा वेळा वाढला, बहुतेक वेळा ऐंशी पैशांनी. ६ एप्रिलला मुंबईत पेट्रोल १२० रुपये ५१ पैसे आणि डिझेल १०४ रुपये ७७ पैसे झाले.

ते सोळा दिवस म्हणजे आमच्याकडे हापूसचा हंगाम. देवगड-वेंगुर्ल्याच्या पेट्या वाशी मार्केटला नेणारे टेम्पो रात्री माझ्याकडे टाकी भरतात. जाऊन-येऊन साधारण हजार किलोमीटर, शंभर लिटर डिझेल. लिटरमागे साडेदहा रुपये वाढले म्हणजे एका फेरीला हजारावर रुपये गेले. भाडे मात्र हंगामाच्या सुरुवातीलाच बागायतदाराशी ठरलेले. ते वाढवायचे तर रोज सकाळी भांडण. एक टेम्पोवाला मला म्हणाला, डिसेंबरपासून थोडे थोडे वाढले असते तर मी भाडेही तसेच बोललो असतो, हे एकदम अंगावर आले. त्या वाक्यात माझ्या पत्राचे निम्मे म्हणणे आले.

तुमच्यापैकी सत्तेतले आणि सत्तेबाहेरचे, दोघेही म्हणाल की दर कंपन्या ठरवतात. कागदावर ते खरे आहे. पेट्रोल २०१० साली आणि डिझेल २०१४ साली नियंत्रणमुक्त झाले, १६ जून २०१७ पासून दर रोज बदलू लागले. दर थांबवा असा लेखी आदेश माझ्यासारख्याने कधी पाहिलेला नाही. पण मी विक्रीच्या वह्या ठेवतो, आणि वह्या काय सांगतात ते ऐका. २०१८ साली कर्नाटकात १२ मे रोजी मतदान होते. २४ एप्रिलपासून दर गोठला, तेल चढत असताना गोठला, आणि १४ मेपासून रोज वाढू लागला. २०२१ साली बंगाल, केरळ, तमिळनाडू, आसामचे निकाल २ मे रोजी लागले. ४ मेपासून वाढ सुरू झाली आणि महिना संपायच्या आत मुंबईत पेट्रोल शंभरच्या पुढे गेले. २०२४च्या लोकसभेची आचारसंहिता १६ मार्चला लागली. त्याच्या आदल्याच दिवशी पेट्रोल-डिझेल दोन-दोन रुपयांनी उतरले होते आणि त्या आधीच्या आठवड्यात घरगुती गॅस शंभर रुपयांनी. एकदा घडले तर मी योगायोग म्हटला असता.

हे एकाच पक्षाचे पाप नाही, म्हणून पत्र सर्वांना आहे. २००४च्या लोकसभेआधीही काही महिने दर हलला नव्हता आणि नव्या सरकारने जूनमध्ये तो वाढवला. २००९च्या जानेवारीत पेट्रोल पाच रुपयांनी उतरले, निवडणुका झाल्या, जुलैत चार रुपयांनी चढले. त्या काळात तर दर दाबून ठेवण्यासाठी तेल कंपन्यांना रोखे दिले गेले, आणि त्या रोख्यांचे व्याज व मुद्दल पुढच्या सरकारांनी, म्हणजे करदात्यांनी, फेडले. माझे वडील १९७३ची गोष्ट सांगत. ऑक्टोबरात इस्रायल आणि अरब देशांचे युद्ध झाले, तेल उत्पादक अरब देशांनी नळ आवळला, भारतात पेट्रोलचे दर भडकले, तेव्हा अटलबिहारी वाजपेयी बैलगाडीतून संसदेत गेले होते. विरोधात असताना बैलगाडी आणि सत्तेत असताना गोठवलेला दर, हे दोन्ही मी सगळ्या पक्षांकडून पाहिले आहे.

आता युद्धाबद्दल. या सगळ्यात मला सर्वांत जास्त खटकते ते हेच.

भारतीय माणसाने न मागितलेली, त्याला न पटणारी युद्धे आमच्या मशीनवर येऊन थांबतात. १९९०च्या ऑगस्टमध्ये इराकने कुवेत घेतले. कोकणातली किती तरी घरे कुवेतच्या पगारावर चालत होती. एअर इंडियाने दोन महिन्यांत ४८८ फेऱ्या करून लाखभराहून जास्त माणसे अम्मानहून मुंबईला आणली. आमच्या गावातही काही जण तसे परतले, हातात एक बॅग घेऊन. घरात येणारा पगार बंद आणि दुसरीकडे ऑक्टोबरात सरकारने पेट्रोलियम पदार्थांवर २५ टक्के अधिभार लावला. जानेवारी १९९१ मध्ये अमेरिकेने इराकवर बाँबफेक सुरू केली आणि अमेरिकेची लष्करी मालवाहू विमाने आपल्या मुंबईत उतरून इंधन भरून पुढे जात असल्याचे उघड झाले. मी तेव्हा कॉलेजात होतो. देशाला इंधन पुरत नाही म्हणून आमच्यावर अधिभार, आणि आमच्याच विमानतळावरून त्या युद्धाला इंधन. लोक चिडले होते, आणि रास्त चिडले होते. सरकारला बाहेरून पाठिंबा देणाऱ्या काँग्रेसने लगाम ओढला, फेब्रुवारीत इंधन भरणे थांबले, मार्चमध्ये चंद्रशेखर यांचे सरकार गेले. सरकार जायचे कारण जाहीरपणे वेगळे सांगितले गेले, पण त्या इंधनाने आधीच पाया पोखरला होता असे माझे मत आहे. मे-जूनमध्ये निवडणुका झाल्या, मध्येच राजीव गांधींची हत्या झाली. आणि जुलैच्या अर्थसंकल्पात पेट्रोल व घरगुती गॅस पुन्हा २० टक्क्यांनी वाढला.

निदान १९९० साली अधिभार मतदानाआधी लागला होता. लोकांना किंमत दिसत होती, विमाने दिसत होती, आणि मत देताना दोन्ही डोक्यात होते. २०२२ साली ते काढून घेतले गेले. युद्ध टीव्हीवर चोवीस तास दिसत होते, युक्रेनमध्ये अडकलेली आपली डॉक्टरकीची मुले परत येताना दिसत होती, पण युद्धाची किंमत पडद्याआड ठेवली होती. मतपेट्या बंद झाल्यावर ती बाहेर काढली. मतदाराने कुणालाही मत द्यावे, पण या परराष्ट्र धोरणाचा, या तेल खरेदीचा, या कराचा आपल्या खिशावर काय परिणाम होतो हे बघून द्यावे. ते बघायचे साधन म्हणजे माझ्या पंपावरचा बोर्ड, आणि नेमका तोच त्या काळात खोटे बोलतो.

अमेरिकेचे उदाहरण देतो, कारण तिथे युद्ध त्यांचे स्वतःचे होते. इराकवरचे २००३चे युद्ध २००६पर्यंत लोकांना नकोसे झाले होते. त्या ऑक्टोबरात शंभराहून जास्त अमेरिकी सैनिक मारले गेले. त्याच उन्हाळ्यात तिथे गॅलनला तीन डॉलरच्या वर गेलेले पेट्रोल नोव्हेंबरच्या मतदानापर्यंत सव्वादोनच्या आसपास उतरले. तिथे बाजार खुला आहे, कच्चे तेलही खरोखरच उतरले होते. तरीसुद्धा सप्टेंबरमध्ये गॅलप संस्थेने घेतलेल्या जनमत चाचणीत ४२ टक्के लोकांनी सांगितले की सरकारने निवडणुकीसाठी मुद्दाम दर पाडले असे आम्हाला वाटते. दर उतरूनही ७ नोव्हेंबरला बुश यांच्या पक्षाने दोन्ही सभागृहे गमावली आणि दुसऱ्याच दिवशी संरक्षणमंत्री रम्सफेल्ड यांचा राजीनामा जाहीर झाला. लोकांनी युद्धाचा हिशेब युद्धावरच केला. ज्या देशात दर सरकारच्या हातात नव्हता तिथे एवढा संशय, मग आमच्याकडे, जिथे बहुतेक पंप सरकारी कंपन्यांचे आहेत, तिथे लोकांनी काय समजायचे?

मला माहीत आहे, तुमच्या समित्यांत जाणकार माणसे असतात. ती म्हणतील, दर थांबवल्याने गरिबाचाच फायदा होतो, युद्धाचा झटका त्याला बसत नाही. मीही काही काळ तसेच मानत होतो. पण झटका टळत नाही, तो दुसऱ्या दाराने येतो. मार्च २०२२ मध्ये किरकोळ दर गोठलेला असताना घाऊक डिझेल लिटरला सुमारे २५ रुपयांनी वाढवले. मुंबईत पंपावर ९४ रुपये १४ पैसे आणि घाऊक ग्राहकाला १२२ रुपये ५ पैसे, एकाच दिवशी, एकच डिझेल. घाऊक ग्राहक म्हणजे फक्त कारखाने नव्हेत. एसटी महामंडळ घाऊक ग्राहक. मच्छीमार सोसायट्यांचे पंप घाऊक ग्राहक. ज्याच्या होडीचा निम्म्याहून जास्त खर्च डिझेलचा, त्यालाच सर्वांत महाग डिझेल. मग तो बॅरल टेम्पोत टाकून माझ्या पंपावर यायचा. आठ दिवसांत माझी डिझेलची विक्री दुप्पट झाली आणि मला त्याचा आनंद झाला नाही, कारण आगाऊ पैसे भरूनही लोड वेळेवर येत नव्हता. कंपनीला प्रत्येक लिटरमागे तोटा, ती माल कशाला घाईने पाठवेल? दोनदा मी 'स्टॉक नाही' अशी पाटी लावली. बाहेर उभी असलेली माणसे मलाच साठेबाज म्हणून शिव्या देत होती.

तोटाही कुणी तरी भरतोच. एप्रिल ते सप्टेंबर २०२२ या सहा महिन्यांत तीन सरकारी तेल कंपन्यांना मिळून २१ हजार कोटींच्या आसपास तोटा झाला. पुढे तेल उतरले. रशियाकडून सवलतीत तेल येऊ लागले. युद्धाआधी आपल्या आयातीत रशियाचा वाटा दोन टक्क्यांच्या आत होता, तो २०२३ मध्ये एक तृतीयांशाच्या वर गेला. त्या खरेदीवर जगभरातून टीका झाली, आणि देशहितासाठी ती करतो असे सरकारने सांगितले. मला ती खरेदी योग्यच वाटते. पण २२ मे २०२२ पासून १५ मार्च २०२४ पर्यंत, जवळजवळ बावीस महिने, केंद्राने वा कंपन्यांनी पंपावरचा दर एक पैशानेही उतरवला नाही. महाराष्ट्रात जुलै २०२२ मध्ये राज्याने व्हॅट कमी केला, तेवढाच काय तो फरक. २०२३-२४ या वर्षी त्याच तीन कंपन्यांचा नफा मिळून ८१ हजार कोटींच्या जवळ गेला. म्हणजे निवडणुकीसाठी जो दर खाली दाबला तो आम्हीच नंतर व्याजासकट भरला. फक्त कुणी विचारले नाही की भरता का.

कराचेही तेच. २०१४ साली पेट्रोलवर केंद्राचे उत्पादन शुल्क ९ रुपये ४८ पैसे होते. २०२० साली कोरोनात तेल मातीमोल झाले तेव्हा ते ३२ रुपये ९८ पैशांवर नेले. डिझेलवर ३ रुपये ५६ पैशांवरून ३१ रुपये ८३ पैशांवर. पडलेल्या तेलाचा फायदा लोकांपर्यंत आला नाही. मग २०२१च्या पोटनिवडणुका झाल्या, २ नोव्हेंबरला निकाल लागले, हिमाचलच्या मुख्यमंत्र्यांनी स्वतः सांगितले की महागाईने हरलो, आणि दुसऱ्याच दिवशी पेट्रोलवर पाच आणि डिझेलवर दहा रुपये शुल्क कमी झाले. दर मतदाराला घाबरतो हे त्या दिवशी देशाने पाहिले. मला त्या निर्णयाचे वाईट वाटले नाही. वाईट वाटले ते ज्या पद्धतीने तो झाला त्याचे. ३ नोव्हेंबरच्या संध्याकाळी, दुसऱ्या दिवशी लक्ष्मीपूजन, आम्ही सणासाठी टाक्या भरून ठेवलेल्या. माझ्याकडे पंधरा हजार लिटर डिझेल जुन्या दराने घेतलेले होते. मध्यरात्री व्हॅट धरून बाराच्या वर रुपये उतरले. एका रात्रीत पावणेदोन लाखांहून जास्त गेले. ज्या कंपनीचा मी विक्रेता त्या कंपनीला मी तीन पत्रे लिहिली, एकाही पत्राचे उत्तर आले नाही. ही माझी तक्रार आहे आणि ती मी लपवत नाही. पण ती या पत्राचे कारण नाही.

आमच्या कमिशनबद्दल एकच ओळ. ते २०१७ नंतर सात वर्षे वाढले नाही. ऑक्टोबर २०२४च्या अखेरीस वाढले, पण जिथे आचारसंहिता लागू होती तिथे थांबवले गेले, आणि तेव्हा महाराष्ट्रात निवडणूक होती. आम्ही थांबलो, तक्रार केली नाही. आचारसंहिता पंपवाल्याच्या काही पैशांना लागू होते, मग कोट्यवधी लोकांच्या दराला का होत नाही, एवढेच मला विचारायचे आहे.

आणि सगळ्यांनाच सूट मिळते असेही नाही. २०२४च्या जूनमध्ये राज्याच्या अर्थसंकल्पात व्हॅट उतरवला तो मुंबई, ठाणे, नवी मुंबईपुरता. आमचा सिंधुदुर्ग, जिथे तेल आणायचा खर्च जास्त आणि पगार कमी, तो यादीत नव्हता. तिथला व्हॅट बाकी राज्यापेक्षा जास्त होता, तो समान केला, असे कारण सांगितले गेले. मतदारसंघ मोजून केलेली सूट होती की नाही हे मी सिद्ध करू शकत नाही. पण माझ्या पंपावर उभ्या असलेल्या एकालाही ते कारण पटले नाही.

आता एक चांगले उदाहरण सांगतो, जरी त्याने मला मोठा फटका बसला. २०१२च्या निवडणुकीत मनोहर पर्रीकरांनी गोव्यात जाहीरपणे सांगितले की निवडून आलो तर पेट्रोलवरचा व्हॅट जवळजवळ काढून टाकीन. निवडून आले आणि एप्रिलच्या सुरुवातीला काढला. पेट्रोल लिटरला अकरा रुपयांनी उतरले. दुसऱ्या दिवसापासून बांदा, सावंतवाडी, दोडामार्गच्या गाड्या पत्रादेवी ओलांडून गोव्यात टाकी भरू लागल्या. माझा पेट्रोलचा धंदा निम्म्यावर आला. वडील संध्याकाळी गल्ल्यावर बसून नुसते महामार्गाकडे बघत. पुढे गोव्यात तो कर हळूहळू परतही आला. तरी मी आज म्हणतो की ती पद्धत सरळ होती. आधी बोलले, लोकांनी मत दिले, मग केले. राज्याचा महसूल त्यासाठी सोडावा की नाही यावर लोकांना वाद घालता आला. मतदानाआधी गुपचूप दाबलेल्या आणि मतदानानंतर सोडलेल्या दरावर वाद घालायची संधीच कुणाला मिळत नाही.

तर माझी मागणी. तुमच्या जाहीरनाम्यात इंधन स्वस्त करू असे वाक्य मला नको. ते कुणीही लिहितो, आणि युद्ध पेटले की ते कागदावरच राहते. तुम्ही नियम लिहा. तेल अमुक डॉलरच्या वर गेले की शुल्क अमुक रुपयांनी आपोआप कमी होईल, अमुकच्या खाली आले की अमुक वाढेल, मध्ये निवडणूक असो वा नसो. हे अशक्य आहे असे कुणी सांगू नका. जुलै २०२२ मध्ये सरकारने देशात काढलेल्या कच्च्या तेलावर आणि इंधनाच्या निर्यातीवर जादा नफ्याचा कर लावला, आणि डिसेंबर २०२४ मध्ये तो रद्द होईपर्यंत दर पंधरा दिवसांनी जागतिक भाव बघून त्यात बदल केला. अडीच वर्षे, निवडणुका मध्ये येऊन गेल्या तरी. कंपनीच्या नफ्यासाठी जी यंत्रणा तेव्हा दर पंधरवड्याला चालली ती टेम्पोवाल्यासाठीही चालवता येईल. राज्यांनी व्हॅट टक्क्यांत न ठेवता रुपयांत ठेवावा, म्हणजे तेल चढले की राज्याचा वाटा न बोलता चढणार नाही. महाराष्ट्रात तर पेट्रोलवर टक्क्यांशिवाय वेगळा अधिभारही आहे.

दुसरे, दर दाबायचाच असेल, युद्ध भयंकर असेल, तर दाबा. सरकारला तो हक्क आहे, आणि काही वेळा ते कर्तव्यही असते. पण उघड सांगा. आज पंपावर खरा दर इतका निघतो, तुमच्याकडून इतका घेतो, फरक इतका, तो अमुक खात्यातून भरू आणि अमुक काळात वसूल करू. मच्छीमारालाही तोच दर, एसटीलाही तोच. निवडणूक जाहीर झाल्यापासून निकालापर्यंत तर हा आकडा रोज सांगितलाच पाहिजे, कारण त्या दिवसांत मतदाराला त्याची सर्वांत जास्त गरज असते.

विरोधी पक्षांनाही माझे सांगणे आहे. दर वाढला की माझ्या पंपासमोर तुम्ही झेंडे घेऊन येता, माझ्याच मशीनला हार घालता, फोटो काढता. मी चहा पाजतो. पण तुमच्या राज्यात तुमचे सरकार असते तेव्हा व्हॅटचा कागद का दाखवत नाही? नोव्हेंबर २०२१ मध्ये केंद्राने शुल्क उतरवले तेव्हा अनेक राज्यांनी व्हॅटही उतरवला, महाराष्ट्राने तेव्हा उतरवला नाही. सरकार बदलल्यावर पुढच्या जुलैत पेट्रोल पाच आणि डिझेल तीन रुपयांनी उतरले. दोन्ही वेळी ग्राहकाने मलाच विचारले, का? मी काय सांगणार होतो?

माझ्या पंपावर दराच्या बोर्डाशेजारी सहा फूट बाय चार फूट मोकळी भिंत आहे. तिथे पूर्वी बियाण्यांची जाहिरात असायची, ती मी काढून टाकली आहे. कच्च्या तेलाचा दर, शुद्धीकरण आणि वाहतूक, केंद्राचे शुल्क, राज्याचा व्हॅट, माझे कमिशन, आणि आजचा दाबलेला किंवा जादा घेतलेला पैसा, अशा सहा ओळी तिथे रोज लिहिता येतील. रंग, फळा, लिहिणारा माणूस, सगळा खर्च माझा. पाच ओळींचे आकडे मी इकडून-तिकडून जमवू शकतो. सहावा आकडा फक्त सरकारकडे आहे. सत्तेत आलो तर तो रोज सकाळी सहा वाजता पाठवू, इतके एक वाक्य तुमच्यापैकी ज्या पक्षाच्या जाहीरनाम्यात असेल, त्या पक्षाची ते वाक्य असलेली प्रत मी त्या भिंतीवर पहिल्या दिवशी लावीन.

कळावे,

आपला,
एक पंपचालक आणि मतदार
जि. सिंधुदुर्ग